दत्तक लेकीला आणायला पुण्याला निघतोय : मुक्काम, दिल्ली आणि पहिले दिवस

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघंही आता अमेरिकन नागरिक, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डवाले. मुलगा सात वर्षांचा आहे. दुसऱ्या मुलासाठी कारा, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या भारत सरकारच्या केंद्रीय संस्थेमार्फत नोंदणी करून बरीच वर्षं वाट पाहिली, आणि आता पुण्यातल्या एका संस्थेतली पावणेतीन वर्षांची मुलगी आमच्या घरी येणार हे पक्कं झालंय! आय-८०० (परदेशातून मूल दत्तक आणण्याचा अमेरिकन अर्ज) ची प्राथमिक मंजुरी, अमेरिकन दूतावासाचं हेग दत्तक कराराच्या कलम ५ चं पत्र, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, एवढं हातात आहे. दत्तक आदेशासाठी संस्थेने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय. तिकिटं काढायची वेळ आली आणि आता डोक्यात नुसते प्रश्न.

नवऱ्याला रजा मोजकीच मिळणार आहे. त्याने सुरुवातीला यावं की शेवटी, दिल्लीच्या व्हिसाच्या कामाला? मुलाला न्यावं का? शाळा बरीच बुडेल.

सासर कोथरूडला. सासूबाईंचं म्हणणं, स्वतःचं घर असताना हॉटेलात कशाला उतरायचं. त्यांनी मुलगी घरी येईल त्याच दिवशी औक्षण आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी घरातल्या घरात बारसं ठरवलंय. घरातल्या घरात म्हणजे चाळीसेक माणसं. त्यांनी तिच्यासाठी खणाचं परकर-पोलकं शिवून ठेवलंय, वाळेही आणलेत. मला मनातून धास्ती वाटतेय, पण त्यांचा आनंद बघून काही बोलवत नाही.

व्हिडिओ कॉलवर ती आमच्याकडे बघते, पण बोलत नाही. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या पदराआड जाऊन बसते. आमच्या घरात मराठीच बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी कृपया लिहा.

रॅलेकर

मनापासून अभिनंदन! कागदांपुरतं लिहितो, बाकीचं इतर सांगतीलच.

मुलीचं नाव काय ठेवणार ते आत्ताच ठरवा आणि संस्थेला लेखी कळवा. जे नाव दत्तक आदेशात येईल तेच जन्मदाखल्यात, पासपोर्टात आणि व्हिसात जाणार. स्पेलिंगसुद्धा. मध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुढचं सगळं अडतं. जिल्हाधिकाऱ्यांसमोर तुम्ही स्वतः हजर राहायचं की मुखत्यारपत्रावर संस्था काम चालवणार, तेही विचारून ठेवा. दत्तक आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या मागून घ्या.

आदेश झाला की तुमच्या नावाने जन्मदाखला आणि काराचं हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र. मग मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात तिचा भारतीय पासपोर्ट. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, ती दूतावासाच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. दोन वर्षांवरच्या मुलांची टीबीसाठी रक्ताची चाचणी होते आणि तिचा अहवाल यायला काही दिवस जातात, तेव्हा तपासणी अगदी व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरल्याची पावती जवळ असू द्या.

एक गोष्ट पुण्यातल्या लोकांना हमखास माहीत नसते. दत्तक मुलांचा व्हिसा मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मिळत नाही. त्यासाठी दिल्लीलाच जावं लागतं, चाणक्यपुरीतल्या दूतावासात. मुलीला घेऊन जावं लागतं. दिल्लीला किती दिवस लागतील याचा नक्की आकडा कोणी देऊ शकणार नाही, म्हणून परतीचं तिकीट बदलता येणारंच काढा.

पैशांबद्दल: परदेशातून दत्तक घेणाऱ्यांसाठी संस्थेची फी ५,००० डॉलर ठरलेली आहे, ती बँकेतून द्यायची आणि पावती घ्यायची. त्यापलीकडे कोणी रोख देणगी मागितली तर देऊ नका, थेट काराला कळवा.

मुठाकाठची

एडिसनची आई, कागदांचं रॅलेकरांनी लिहिलंच आहे. मी मुलीबद्दल लिहिते. आमची लेक महाराष्ट्रातल्याच एका संस्थेतून तीन वर्षांची असताना आली. आता ती मिनियापोलिसला हायस्कूलमध्ये आहे. तिला विचारून लिहितेय. आमच्या वेळी दत्तक आदेश कोर्टातून मिळायचा, सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलंय. पण पोरीच्या बाजूने बघितलं तर सगळं तेव्हासारखंच आहे. तिला आदेश कळत नाही आणि व्हिसाही कळत नाही. तिला एवढंच कळतं की मावशी दिसत नाहीत.

नवऱ्याची रजा सुरुवातीलाच वापरा. संस्थेत सगळ्या बायका असतात. पुरुष म्हणजे गेटवरचा वॉचमन, नाहीतर इंजेक्शन घेऊन येणारे डॉक्टर. आमची लेक माझ्याजवळ लवकर आली, पण ह्यांचा आवाज आला की अंग चोरून घ्यायची. हे रोज सकाळी संस्थेच्या व्हरांड्यात खाली फरशीवर बसायचे, पुढ्यात स्टीलच्या वाटीत चुरमुरे. तिला हाक मारायची नाही, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, आपले एकेक चुरमुरे खात पेपर वाचायचा. ती खांबामागून बघायची. मग एका सकाळी आली, वाटीतला एकच चुरमुरा उचलला आणि पळाली. पुन्हा आली, पुन्हा एक. ह्यांनी मान वर केली नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत ती वाटीच्या पलीकडे मांडी घालून बसलेली होती. हे घाईत होत नाही, आणि रजेचे शेवटचे दिवस दिल्लीसाठी राखून ठेवले तर यासाठी वेळच उरत नाही. दिल्लीचं काम मी एकटीने केलं होतं. तुमच्या प्रकरणात एकाच पालकाने गेलेलं चालेल का, ते दूतावासाला आधी ईमेल करून विचारा.

आता मुख्य मुद्दा. ना-हरकत प्रमाणपत्र मिळालंय, म्हणजे आदेश व्हायच्या आधीही संस्था तुम्हाला मुलगी तात्पुरत्या संगोपनासाठी सोपवू शकते. नियमात ती सोय आहे. तुम्ही पोहोचाल त्या दिवशीच तयार करून, तीट लावून तुमच्या कडेवर देतीलही. माझं कळकळीचं सांगणं आहे की लगेच नेऊ नका. आधी थोडे दिवस तुम्हीच तिच्या घरी जा. हो, संस्था हे आत्ता तिचं घर आहे. तिच्या आंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी, दुपारी झोपवताना तिथे बसा. मावशी काय करतात ते बघा आणि मावशींच्या देखत तुम्ही करा. ज्या माणसावर तिचा विश्वास आहे त्या माणसाने "जा, आईकडे जा" म्हणून तिला तुमच्याकडे दिलं पाहिजे.

संस्था मुलाची माहिती देते त्या चाइल्ड स्टडी रिपोर्टमध्ये उंची, वजन, डोक्याचा घेर, लसी, सगळं असतं. आमची लेक झोपताना मावशींच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळायची, हे त्यात नव्हतं. मला ते दुपारी तिथे बसल्यामुळे दिसलं. मी त्याच दिवशी कानातले काढून ठेवले. घरी नेल्यावर पहिल्या रात्री ती किती तरी वेळ छताकडे बघत पडली होती, शेवटी हात आला तो माझ्या कानावर.

अशा बारीक गोष्टी विचारून घ्या. वरणभात किती मऊ लागतो, स्वतःच्या हाताने जेवते का, दूध पेल्यातून पिते की वाटीतून. डोक्याला कुठलं तेल, कुठला साबण, कुठली पावडर. तेच पुण्यातून अमेरिकेलाही घेऊन जा, वास ओळखीचा राहतो. मावशींच्या जुन्या सुती साडीचा तुकडा मागा, त्या आनंदाने देतात, आणि तो धुवू नका. मुलं एका मोठ्या खोलीत ओळीने झोपतात, दिवा चालू असतो, कोणी ना कोणी खोकत असतं, पंख्याचा आवाज असतो. अशा मुलीला अंधाऱ्या, एसीच्या बंद खोलीत निजवलं तर ती घाबरते. दिवा आणि पंखा चालू ठेवा.

संस्थेतून निघताना ती रडेल. रडू द्या, मोबाइल दाखवून, चॉकलेट देऊन गप्प करू नका. तिचं खरंच काहीतरी सुटतंय. रडली नाही तर मात्र जास्त लक्ष ठेवा. पाहुणे म्हणतील, "किती शहाणी आहे, अजिबात त्रास नाही." ती भीतीने गप्प झालेली असते. आमच्याकडे गाडीत बसल्यापासून दुसऱ्या दिवशीपर्यंत हूं की चूं नाही. मग वाटी पडल्याचं निमित्त झालं आणि जो टाहो फोडला तो मला आजही आठवतो. मी तिला मांडीवर घेऊन बसून राहिले. मावशींचं नाव घेऊन रडत होती. "मावशींची आठवण येते ना, मलापण मावशी आवडतात," एवढंच मी म्हणत होते.

यावरून बारशाचं. पुढे ढकला. संस्थेत वाढलेलं मूल कोणाच्याही कडेवर जातं. तिथे हात सतत बदलत असतात, त्याची सवय असते. ती हसत हसत चाळीस जणांच्या मांडीवर जाईल आणि सगळे खूश होतील. पण ह्या सगळ्यांत आपले आईबाबा कोण हे तिला कसं कळायचं? सुरुवातीला भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि उचलून घेणं तुम्हा दोघांनीच करा. आजीनेसुद्धा नाही. हे तुम्ही सांगितलंत तर सासूबाईंना लागेल, म्हणून संस्थेतल्या समाजसेविका ताईंनाच त्यांच्याशी बोलू द्या. आमच्याकडे ताई अर्धा तास बोलल्या आणि पुढे सासूबाईच दारात आलेल्यांना परत पाठवायला लागल्या. मुक्कामाचं विचाराल तर मी पहिले काही दिवस वेगळं सर्व्हिस अपार्टमेंट घ्या म्हणेन, संस्थेच्या जवळ.

मुलाला जरूर न्या. मोठ्या माणसांकडे जाणार नाही पण पोरामागे जाईल. फक्त पहिल्या भेटीला तुम्ही दोघंच जा.

खाण्याबद्दल. पोट भरलं तरी खात राहते, उलटी होईपर्यंत, किंवा पोळीचा तुकडा उशीखाली ठेवते, असं झालं तर रागावू नका, हसूही नका. तिचा हात पोहोचेल असा खाऊचा एक डबा कायम ठेवा. तो रिकामा होत नाही हे तिला पटायला काही महिने लागतात.

गाडीची सवय नसते, उलटी होते, कपडे जास्तीचे ठेवा. कारसीट इथूनच न्या आणि आधी घरात जमिनीवर ठेवून भावाला त्यात बसवून खेळ करा. पट्टा कधी बघितलेलाच नसतो. दिल्लीहून नेवार्कच्या पंधरा-सोळा तासांच्या विमानात पहिल्यांदा पट्टा बांधाल तर फार जड जाईल.

घरी परतल्यावर दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे न्या. आमच्या इथे मिनेसोटा विद्यापीठात १९८६ पासून असं क्लिनिक आहे, तुमच्या भागात बालरुग्णालयाकडे चौकशी करा. भारतातल्या तपासण्या झालेल्या असल्या तरी हिपॅटायटिस, जंत, शिसं, लोह आणि काही महिन्यांनी टीबी, हे पुन्हा बघतात.

पेठेतली_आजी

मुठाकाठची, तू फार मनापासून लिहिलं आहेस, पण वेगळं अपार्टमेंट घ्या हे मला पटलं नाही. माझी नात अशीच आली, मुलगा-सून तेव्हा जर्मनीत होते. ती सगळी आमच्याच घरी उतरली. सुनेला स्वयंपाक, धुणं, बाजार यांची काही काळजी नव्हती म्हणून ती दिवसरात्र पोरीपाशी बसू शकली. परक्या फ्लॅटमध्ये गॅस कुठे, दूध कुठे यातच त्यांचा जीव जाईल.

आम्ही एक पथ्य पाळलं. मी स्वयंपाकघर सांभाळायचं, भरवायचं आईने. ताट मी वाढायची आणि सुनेच्या हातात द्यायची. पोरगी माझ्याकडे धावत यायची, कारण मी नऊवारीत आणि तिच्या मावशीही नऊवारीत. मी तिचा हात धरून तिला सुनेकडे न्यायची. सोपं नव्हतं, जवळ घ्यावंसं फार वाटायचं. पण ती पुढे जर्मनीला जाणार होती. माझ्यावर जीव जडला असता तर तिला दुसऱ्यांदा तेच सोसावं लागलं असतं.

एडिसनची आई, सासूबाईंना माझा हा निरोप वाचून दाखव. परकर-पोलकं घालायला द्या, औक्षण घरातल्या चौघांतच करा, आणि बारसं पुढच्या भारतभेटीत करा. तेव्हा ती आपलं नाव स्वतःच सांगेल आणि चाळीस काय, शंभर माणसं बोलवा.

संस्थेतली_ताई

बालसंगोपन संस्थेत समाजसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले. वरचं दोघींचंही अनुभवाचं आहे. माझी थोडी भर.

मुलीचं सामान मागून घ्या. अंगावर आलेला कपडा, हातातला दोरा, संस्थेतले फोटो, वाढदिवसाचा फोटो, जे असेल ते. तिच्या पलंगाचे, खिडकीचे, अंगणातल्या झाडाचे, मावशींचे फोटो काढा. इतर मुलांचे चेहरे मात्र फोटोत घेऊ नका, आणि तिचे फोटोसुद्धा सोशल मीडियावर टाकू नका. तिच्या पूर्वेतिहासातलं संस्था जे सांगेल ते त्याच रात्री वहीत लिहून काढा आणि नातेवाइकांना सांगू नका. ती माहिती तिची आहे. तिने ठरवायचं कोणाला सांगायची.

आपलं मूळ, म्हणजे जन्मदात्यांचा माग, शोधण्याचा हक्क दत्तक मुलांना नियमात आहे. अठरा वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्यासोबत. तिच्या वतीने तिसऱ्या कोणाला तो शोध घेता येत नाही. जन्मदात्या आईने मूल सोपवताना आपली ओळख गुप्त ठेवायला सांगितलेलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय तिची ओळख उघड करता येत नाही. हे मुलीला मोठी होताना टप्प्याटप्प्याने सांगावं लागतं, त्यामुळे तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं.

अमेरिकेत गेल्यावर दोन वर्षं तुमच्या एजन्सीकडून प्रगती अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. पालकांना ती कटकट वाटते. आमच्याकडे अहवाल आला की तो आधी मावशी मागतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण फोटो बघायचा असतो. फोटो स्पष्ट पाठवा, त्यात मूल नीट दिसू द्या.

एडिसनची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. आजी, तुमचा प्रतिसाद मी फोनवर सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मी ताट वाढीन." बारसं पुढे गेलं. आम्ही कोथरूडलाच उतरतोय, पण पहिले काही दिवस मुलगी संस्थेतच राहील आणि आम्ही जाऊन-येऊन करू. आमच्या संस्थेतल्या समाजसेविका ताईंशी बोलणं झालं, त्यांनाही हे आवडलं. नवरा सुरुवातीपासून येतोय. मुलाने स्वतःची एक छोटी गाडी तिच्यासाठी बाजूला काढलीय, पण "दुसरी गाडी माझीच" हेही बजावलंय.

शेवटचा एक प्रश्न. ती इथे उतरल्यावर नागरिकत्वाचं वेगळं काही करायचं असतं का? आणि भारतीय पासपोर्टचं काय?

रॅलेकर

आदेश भारतातच पूर्ण होतोय म्हणजे व्हिसा आयएच-३ मिळेल, दत्तक विधान परदेशातच पूर्ण झालेल्या मुलांचा असतो तो. व्हिसासोबत बंद पाकीट दिलं तर ते फोडू नका, नेवार्कला अधिकाऱ्याच्याच हातात द्या. अमेरिकेत प्रवेशाचा शिक्का बसला की ती आपोआप अमेरिकन नागरिक होते, २००० च्या कायद्यात तशी तरतूद आहे. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं, म्हणून पत्ता बरोबर द्या.

ते आलं की अमेरिकन पासपोर्टला अर्ज करा. भारतीय पासपोर्ट त्यानंतर प्रवासाला वापरायचा नाही, तो सरेंडर करून प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआयसाठी अर्ज. पुढच्या भारतभेटीआधी पुरेसा वेळ हाताशी ठेवून ही दोन्ही कामं करा, आजींच्या सांगण्यावरून बारसं त्याच भेटीत आहे. सरेंडर करण्यापूर्वी त्या पासपोर्टच्या सगळ्या पानांची रंगीत प्रत काढून ठेवा.